महसूल सरकारचा, उतारा घरच्यांचा

2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि दोन वाइन पार्क आखले. एक सांगली जिल्ह्यात पलूसला, दुसरा आमच्या नाशिक जिल्ह्यात विंचूरला. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं, एमआयडीसीने प्लॉट पाडले, रस्ते झाले. देशी मिळण्यासाठी मात्र कुणाला कधी पार्क आखावा लागला नाही.

2005 मध्ये मी दोन एकर थॉमसनची खायची द्राक्षं मोडून वाइनची लावली. एका कंपनीशी करार होता. 2008 ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि दोन हंगामांत कंपनीने माल उचलणं थांबवलं. खायला आंबट, बियांनी भरलेलं ते द्राक्ष बाजारात कोण घेणार? बागेला कुऱ्हाड लावली. पिणं त्याआधीच सुरू झालं होतं, व्यापाऱ्यांबरोबर ढाब्यावर. बाग गेल्यावर त्याला कारण मिळालं, एवढंच. गंमत म्हणजे वाइन मी आयुष्यात दोनदा प्यालो, दोन्ही वेळा तोंड वाकडं करून. माझं घर बुडवलं ते देशीने.

2014 पासून बंद आहे. तेव्हापासून कुणाकुणाला दवाखान्यात पोचवतो, बायांबरोबर ग्रामसभेत उभा राहतो, कागद वाचतो. मी काही तज्ज्ञ नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवून जे शिकलो ते लिहितो आहे.

1. शपथ नंतर, डॉक्टर आधी

2013 च्या आषाढीला मी माळ घातली, दारू सोडली. आईने डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस हात थरथरत होते, घाम फुटत होता. लोक म्हणाले, नियत साफ आहे, निभेल. तिसऱ्या रात्री मला बागेच्या तारांवर साप लोंबताना दिसायला लागले आणि मी छाटणीची कात्री घेऊन ते छाटायला निघालो. चौघांनी धरून खाटेला बांधलं. गल्लीचं मत पडलं, बाहेरचं झालंय. भगत आला, लिंबू उतरवलं. पहाटे फिट आली तेव्हा चुलतभावाने कांद्याच्या पिकअपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते मला कुठल्याच कीर्तनात ऐकायला मिळालं नव्हतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस मरूही शकतो. उपाय साधा आहे: काही दिवस डॉक्टरच्या नजरेखाली औषधं, सलाइन, बी-1 जीवनसत्त्व. व्यसनमुक्तीची जितकी पोस्टरं मी पाहिली त्यांवर सांगाडा असतो, विझलेली चूल असते, ‘आजच दारू सोडा’ असतं. त्याखाली एक ओळ हवी: रोज पिणाऱ्याने डॉक्टरला विचारून सोडावी. या ओळीला सरकारला छपाईपलीकडे पैसा लागणार नाही.

आणि ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींना भुलून कुणाच्या भाजीत गोळी कालवू नका. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस वर प्याला तर रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. ते औषध देतात, पण माणसाला सांगून आणि डॉक्टरच्या हाताखाली.

2. केंद्राची नोंदणी विचारा

त्या फिटनंतर घरच्यांनी मला एका ‘केंद्रात’ टाकलं. मळ्यातलं घर, खिडक्यांना जाळ्या, एका खोलीत वीसेक माणसं. उपचार म्हणजे पाइपाने मार आणि सकाळी प्रार्थना. पैसे आगाऊ. सुटलो त्या दिवशी बसस्टँडवर उतरून पहिली क्वार्टर घेतली, बरीचशी रागानेच.

पुढच्या वर्षी बायकोने कालवड विकली आणि मला पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं, पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात दिलेलं ते केंद्र. तिथे कुणी हात उगारला नाही. मला बोलतं केलं, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट असतो त्यात हिला बसवलं. हिला तिथे जे उमगलं ते मला उमगायला आणखी वर्ष गेलं. उधारीवाला दारात आला की ‘ते घरी नाहीत’ असं सांगणं तिने त्या दिवसापासून सोडलं. माझ्या दारूचा पहिला आधार तिथे तुटला.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा केंद्रांना मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी करावी लागते. पण हे त्या बायकोला कोण सांगणार, जिचा नवरा रात्री दोनला दार तोडतोय? नोंदणी झालेल्या केंद्रांची यादी फोन नंबरांसकट प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. बाजारभाव लावता तसा.

3. कायदा एकदा वाचाच, करमणूक होते

आपल्याकडे अजून 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी मुंबई होतं, आता महाराष्ट्र, तेवढा नावात बदल. म्हणजे कागदावर राज्यात दारूबंदी आहे आणि परवाना असेल त्याला सूट आहे. ‘परमिट रूम’ या शब्दाचा उगम तोच. एक दिवसाचा परवाना देशीसाठी 2 रुपये, विदेशीसाठी 5 रुपये. पिण्याच्या नऊ वर्षांत मी एकदाही तो काढला नाही आणि कुणी मला मागितला नाही. वयाचंही तसंच. बिअरसारख्या सौम्य मद्याला 21 वर्षं, कडक मद्याला 25. गावाकडे नववीतलं पोर ‘काकांनी मागवलीय’ म्हणालं की बाटली हातात पडते.

वापरायचा नसेल तर परवाना रद्द करा. वापरायचा असेल तर वयाची अट तरी खरी करा. मधल्या मधे ठेवलेला कायदा फक्त हप्त्याच्या कामाला येतो.

4. वाइनवर भांडण, देशीवर मौन

27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने ठरवलं की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वेगळ्या कपाटातून वाइन विकता येईल. मुंबईत रण पेटलं. विरोधी पक्षाने महाराष्ट्राचं ‘मद्यराष्ट्र’ होतंय म्हटलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकार शेतकऱ्यांचा कैवार घेऊन उभं राहिलं. शेवटी हरकती मागवल्या आणि निर्णय बासनात गेला.

त्या दिवसांत मला दोन्ही बाजूंचे फोन आले, कारण मी वाइनची द्राक्षं लावलेला आणि दारू सोडलेला, असा दुहेरी साक्षीदार. मी दोघांनाही एकच सांगितलं. आमच्या भागात बायको मारणारा माणूस वाइन पिऊन मारत नाही. आपण तर ‘वाइन शॉप’ म्हणतो त्या दुकानातही रम आणि व्हिस्की घ्यायला जातो, वाइन तिथे कोपऱ्यात धूळ खाते. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो, तरी ती दारूच, पोरांच्या नजरेसमोर बिस्किटांशेजारी ठेवू नये असं माझंही मत. पण महिनाभर टीव्हीवर जो घसा फुटला त्यात देशीच्या दुकानाचं नाव किती जणांनी घेतलं? वाइनवर बोलणं सोपं असतं, कारण तिथे पिणारा आपल्या ओळखीचा नसतो.

5. उभी बाटली, आडवी बाटली

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सरकारने दिलेलं सगळ्यात चांगलं हत्यार हेच आहे आणि त्याची धारही सरकारनेच बोथट ठेवली आहे.

नियम 2008 चा. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की अधिकारी सह्यांची पडताळणी करतात आणि गुप्त मतदान लावतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावं, आडवी म्हणजे बंद व्हावं. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या बायांनी अशी दुकानं आडवी केली आहेत. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळेल असं दुसरं सरकारी चित्र मी पाहिलेलं नाही.

शेजारच्या एका गावात हे मतदान झालं तेव्हा मी बायांच्या मागे हरकाम्या होतो. कागद लिहायचे, झेरॉक्स काढायच्या, गाडी चालवायची. सह्या गोळा करायला तीन आठवडे गेले. पडताळणीच्या दिवशी प्रत्येक बाईने स्वतः येऊन ‘ही सही माझीच’ असं सांगायचं होतं. दिवस उन्हाळ कांदा काढणीचा. रोज बुडवून बाया आल्या. काहींना नवऱ्यांनी आदल्या रात्री मारलं होतं, त्याही आल्या. एक म्हातारी मला म्हणाली, ‘भाऊ, आमदाराला मत द्यायला गाडी येते घरापर्यंत. याला का येत नाही?’ मी तिला माझ्या गाडीतून आणलं होतं, पण तिचा प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

मतदान झालं. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती. दुकान चालूच राहिलं. कारण नियमाला पडलेल्या मतांतलं बहुमत चालत नाही, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आणि यादीत कोण असतं? दहा वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या लेकी, वारलेल्या सासवा, ऊसतोडीला गेलेल्या बाया. मेलेली बाई उभ्या बाटलीला मत देते, असं ते गणित. सरपंच, आमदार, खासदार पडलेल्या मतांवर निवडून येतात. दुकानाच्या वेळी मेलेल्यांनाही मोजलं जातं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पडलेल्या मतांचं बहुमत धरा, मतदानाआधी यादी साफ करा, आणि पडताळणी व मतदान शेतीच्या हंगामात ठेवू नका. 2025 च्या मार्चमध्ये सरकारने विधानसभेत सांगितलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं दारू-बिअरचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना-हरकत लागेल. चांगलं झालं. आमच्या वस्तीला सोसायटी नाही, पण बाया आहेत.

6. टेप लावून दारू कमी होत नाही

डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायवेपासून 500 मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली. लहान गावांना नंतर 220 मीटरची सवलत मिळाली. आमचा सगळा पट्टा नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचा, त्यामुळे 2017 चा उन्हाळा टेप घेऊन फिरणाऱ्या माणसांनी गाजवला. रस्त्यावरचं दुकान आतल्या गल्लीत गेलं, म्हणजे ट्रकवाल्यापासून लांब आणि शाळेच्या जवळ. काही शहरांत तर हायवेच पालिकेच्या नावावर करून घ्यायचा घाट घातला गेला. पुढे सवलती वाढल्या आणि बरीच दुकानं पुन्हा उघडली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला रात्री नळी फुंकायला लावणारा पोलीस मात्र मला या रस्त्यावर क्वचितच दिसला.

7. दरवाढ झाली की आधी घर आटतं

जून 2025 मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. देशीवरचं 180 वरून 205 रुपये प्रूफ लिटर झालं. 180 मिलीची देशी किमान 80 रुपये, विदेशी 205, आणि मधल्या खिशासाठी धान्यापासूनची ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाची नवी जात 148 रुपयांना. तिजोरीत वर्षाला 14,000 कोटींची भर पडेल असा अंदाज सांगितला गेला.

किंमत वाढली की पिणं कमी होतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवीन पोरांपुरतं ते मला पटतं. पण व्यसन लागलेल्या माणसाचं मी माझ्यावरून सांगतो. माझ्या काळात भाव वाढला तेव्हा मी पिणं कमी केलं नाही, किराणा कमी केला. आधी इंग्लिशवरून देशीवर उतरलो. देशी परवडेना त्या महिन्यात काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी प्यालो. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यांतलं कुणी हौसेने ती प्यालं नव्हतं.

कर वाढवा, माझी ना नाही. फक्त त्या 14,000 कोटींतला ठरावीक हिस्सा कायद्याने उपचारासाठी बांधून ठेवा. आज होतं असं, की बाटलीमागे महसूल सरकार नेतं आणि उतारा घरच्यांनी शोधायचा. आमच्या घराने तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोजा चढवून शोधला.

8. बंदीचं यश गावावर ठरतं

वर्ध्यात 1974 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठवली. बंदी उठवताना सरकारने सांगितलं की अवैध दारू वाढली. वाढली असेल. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सरकारबरोबर 2016 पासून ‘मुक्तिपथ’ चालवला: गावाची संघटना, अवैध विक्रीवर गावाचा पहारा, तालुक्याला उपचार. बंदीच्या कागदाखाली असं काम असावं लागतं. नुसता कागद पोलिसांच्या हवाली केला तर चोरटा धंदा उभा राहतो. मी स्वतः सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. माझ्यासारख्याने बंदीच्या पहिल्याच रात्री शेजारच्या जिल्ह्यात मोटारसायकल पिटाळली असती.

9. आम्ही बागायतदारही धुतल्या तांदळाचे नाही

छाटणीला, थिनिंगला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. संध्याकाळी हजेरीबरोबर ‘थकवा उतरवायला’ क्वार्टर द्यायची आणि नंतर उचलीतून कापायची, हे मी केलंय, आणि त्याला मी माणुसकी समजत होतो. आता मजुरी आठवडे बाजाराच्या सकाळी देतो, बाईची बाईच्या हातात. पहिल्या वर्षी दोन टोळ्या सोडून गेल्या, छाटणी आठ दिवस लांबली, शेजारी हसले. गेल्या हंगामात एका टोळीतल्या बायांनी मुकादमाला माझाच मळा धरायला लावला.

10. गोळीचा वास येत नाही

ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला, तेव्हा ही नशा फक्त मुंबईचं दुखणं नाही हे कळलं. मालेगावची ‘कुत्ता गोळी’ ही नशेची गोळी तर त्याआधीपासून पेपरात आहे. दारू प्यालेला मुलगा आईला वासाने कळतो, गोळी घेतलेला कळत नाही. छापे पडले, पडायलाच हवेत. पण पकडलेल्या मालाचं वजन छापून येतं, त्या मालाला लागलेली पोरं कुठे ठेवायची हे छापून येत नाही.

11. खाट कुठे आहे?

राज्य उत्पादन शुल्क विभागाला दरवर्षी वसुलीचं उद्दिष्ट असतं. व्यसनमुक्तीचं काम सामाजिक न्याय विभागाकडे, 2011 मध्ये त्याचं धोरणही निघालं. म्हणजे मंत्रालयात एका मजल्यावर उद्दिष्ट, दुसऱ्या मजल्यावर उपदेश. उपचार तिसऱ्याच खात्याकडे, आरोग्याकडे. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं होतं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. मी रात्रीबेरात्री जी माणसं गाडीत घालून फिरलो ती उरलेल्या सदतिसांतली. ‘पेशंट प्यालेला आहे, उद्या आणा’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याचा रागही येत नाही. हृदयविकाराच्या माणसाला असं कुणी म्हणत नाही.

मला तालुक्याला चार खाटा हव्यात. दारू सोडतानाचा त्रास, म्हणजे विथड्रॉवल, सांभाळता येणारा एक डॉक्टर, एक समुपदेशक, आणि संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेसाठी एक रिकामी खोली. त्या सभेला फी नसते, चहाचा खर्च आम्ही करतो.

तुम्ही कुठल्याही गावचे असा, येत्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दारू सोडायला येणाऱ्यासाठी किती खाटा आहेत? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.